पाद्री स्तीफन्स यांची स्फूर्ति

कवीस स्फूर्ति कोठून होते, असा प्रश्न विद्वान् लोक नेहमीं करितात. कोणी सृष्टिसौंदर्याकडे बोट दाखवितात, कोणी एकांताकडे. आम्हांस ह्याचें एक उत्तर ख्रिस्तपुराणकर्ते पाद्री थॉमस स्तीफन्स यांच्या चरित्रांत सांपडतें.

हे सुमारें १५४९ सालीं इंग्लंडांत विल्टशर प्रांतीं जन्मले. त्या दिवसांत स्वदेशीं कॅथॉलिक धर्म पाळणें संकटाचें होतें. १५७५ सालीं रोम शहरीं ते येशूसंघांत प्रविष्ट झाले. १५७९ च्या एप्रिलांत लिस्बन सोडून ते आक्टोबरांत गोव्यास उतरले, आणि पुढील चाळीस वर्षांतील बहुतेक काळ साष्टी प्रांतींच देह झिजविते झाले.

तेथील स्थिति आम्हीं लपवूं नये. देवळें पाडलीं गेलीं होतीं आणि नवख्रिस्ती लोकांस पूर्वींचीं पुराणें वाचण्याची बंदी होती. प्रश्नोत्तरी त्यांस शिकविली जाई. परंतु मन रमवील अशी ओवी घरांतून गेली होती. एका ब्राह्मणानें हें उणें पाद्रीबाबांपुढें मांडिलें व जुन्या पुराणांच्या जागीं नवें पुराण मागितलें, असें ग्रंथारंभींच सांगितलें आहे. ह्या मागण्यांतच आम्हांस त्यांच्या स्फूर्तीचा झरा दिसतो.

परका मनुष्य मराठीचा शिष्य झाला. ज्या ओवीछंदांत संतांनीं गाइलें, त्याच छंदांत त्यांनीं सुमारें अकरा हजार ओव्या रचिल्या. पहिल्या पुराणांत जुन्या कराराची कथा, दुसऱ्यांत आपल्या तारकाचें चरित्र. १६१६ सालीं रायतूर येथें हा ग्रंथ रोमन लिपींत छापिला गेला. १६१९ त कर्त्यानें देह ठेविला. १६८४ त सरकारनें देशी भाषेवरच हुकूम काढिला. तरी भाविकांनीं हस्तलिखितें जपिलीं, आणि त्यांच्या आधारें १९०७ सालीं मंगळुरास ग्रंथ पुन्हां छापिला गेला. जें लोकांच्या भुकेंतून जन्मलें, तें लोकांनींच राखिलें.

प्रिय धर्मबंधूंनो व भगिनींनो, आम्ही पुरोहित वर्षानुवर्षें उपदेश करितों. परंतु आपलें मागणें कितीसें ऐकतों? पाद्री स्तीफन्स यांनीं ऐकिलें, आणि त्यांची लेखणी चालली. ह्या ज्युबिलीच्या पर्वणीस परमेश्वर आम्हांस तसे कान देवो, आणि आपणांस मागण्याचें धैर्य देवो.