अंगणात आलेली शाळा

अंगणवाडी हा शब्द आपल्या होस्टेलमध्ये दिवसातून दोनदा तरी ऐकू येतो. एखाद्याला सोपं इंटिग्रेशन जमलं नाही की आपण त्याची रवानगी सरळ अंगणवाडीत करतो! पण या शब्दात 'अंगण' कुठून आलं? शाळा म्हटली की वर्ग हवा, बाक हवेत, फळा हवा. अंगणाचा काय संबंध? या प्रश्नाचा माग काढत गेलं की आपण ताराबाई मोडक यांच्यापाशी पोचतो. आपल्याकडे त्यांचं नाव अभ्यासक्रमातल्या एका ओळीपुरतं उरलं आहे. खरं तर त्यांनी जे केलं ते इंजिनिअरिंगच्या पोरांनी नीट वाचावं असं आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२चा. वडील सदाशिव पांडुरंग केळकर प्रार्थना समाजाचे, आणि आई उमाबाई यांचा विधवा असताना पुनर्विवाह झालेला. त्या काळात हे केवढं धाडस होतं ते सांगायला नकोच. अशा घरातली मुलगी १९१४ साली मुंबई विद्यापीठाची पदवीधर झाली. लग्न होऊन त्या अमरावतीला गेल्या, पण संसार टिकला नाही. १९२१ साली घटस्फोट झाला. पदरी लहान मुलगी. राजकोटच्या बार्टन फीमेल कॉलेजात त्या प्रिन्सिपल होत्या. पगार, मान, बंगला, सगळं होतं. आपल्यासारख्या प्लेसमेंटकडे डोळे लावून बसलेल्यांच्या भाषेत सांगायचं तर एकदम सेटल!

तिकडे भावनगरला गिजुभाई बधेका नावाचे एक गृहस्थ वकिली सोडून लहान मुलांमध्ये रमले होते. दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केलं होतं. छडी नाही, घोकंपट्टी नाही. इटलीच्या डॉ. माँटेसरींनी १९०७ साली रोममधल्या गरीब वस्तीत जी पद्धत सुरू केली, तीच गिजुभाईंनी इकडच्या मातीत रुजवायला घेतली आणि त्यात गाणी, गोष्टी, नाटकं आपल्या पदरची घातली. ताराबाईंनी हे काम पाहिलं आणि १९२३ साली प्रिन्सिपलची खुर्ची सोडून त्या बालमंदिरात आल्या. कॉलेज सोडून बालवर्गात! लोकांनी वेड्यात काढलंच असणार. पुढे १९२६ साली या दोघांनी नूतन बालशिक्षण संघ काढला, शिक्षण पत्रिका चालवली, शिक्षिका तयार केल्या. १९३६ साली ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केलं.

इथपर्यंतची गोष्ट एका यशस्वी बाईची आहे. मला त्या आवडायला लागल्या त्या इथून पुढे. शिशुविहार छान चाललं होतं. पण तिथे येत होती ती शिकलेल्या, मध्यमवर्गीय घरांतली मुलं. ज्यांना असंही घरी पुस्तक मिळणार होतं, त्यांनाच चांगली शाळाही मिळत होती. मी स्वतः कॉन्व्हेंटमध्ये शिकले. नर्सरीत आमच्याकडे रंगीत ठोकळे, पियानो, छोट्या खुर्च्या, सगळं होतं, त्यामुळे हा मुद्दा मला जरा लागलाच. माँटेसरीचं साहित्यही महाग. मोजूनमापून केलेले लाकडी मनोरे, दट्ट्या, मणी. खेड्यातल्या कुठल्या शाळेला ते परवडणार?

१९४५ साली, वयाच्या ५३व्या वर्षी, ताराबाई मुंबई सोडून बोर्डीला गेल्या. समुद्रकाठचं, गुजरातच्या सीमेजवळचं गाव. तेव्हाचा ठाणे जिल्हा, आताचा पालघर. त्याच वर्षी त्या भागातले वारली वेठबिगारीविरुद्ध उठले होते, यावरून परिस्थितीची कल्पना यावी. ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं. सोबत होत्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षी विधवा झालेल्या आणि शिकून शिक्षिका झालेल्या. बालवाडी उघडली, फी नाही, बाई प्रेमळ. तरी दलित वस्तीतली मुलं येईनात!

इथे दुसरं कुणी असतं तर पालकांना दोष देऊन मोकळं झालं असतं. आपणही बऱ्याचदा तेच करतो, की सोय केली तरी या लोकांना किंमत नाही. ताराबाईंनी मुलांऐवजी शाळा हलवली. मूल बालवाडीत येत नाही ना, मग बालवाडी त्याच्या वस्तीत, त्याच्या घरासमोर. अंगण झाडायचं, मुलांना जमवायचं, हातपाय-तोंड धुवायचं, गाणी, गोष्टी, खेळ. हीच ती अंगणवाडी. साहित्यही बदललं. लाकडी मण्यांच्या जागी बिया, शंख-शिंपले, पानं, खडे. लहान-मोठं, जड-हलकं, मोजणी, हे सगळं त्यातून शिकता येतंच की! मेकॅनिकलच्या भाषेत सांगायचं तर तत्त्व तेच ठेवून त्यांनी मटेरिअल बदललं आणि खर्च जवळजवळ शून्यावर आणला.

नंतर, १९५६-५७च्या सुमारास, काम बोर्डीहून जवळच्या कोसबादच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये गेलं. तिथे नवी अडचण. सात-आठ वर्षांच्या मुली शाळेत येईनात, कारण कडेवर धाकटं भावंड. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली, तिला नाव दिलं विकासवाडी. धाकटं पाळण्यात, मधलं बालवाडीत, ताई वर्गात. आणि गुरं राखणाऱ्या पोरांचं काय? त्यांच्यासाठी शिक्षक कुरणात गेले. कुरणशाळा! प्रत्येक वेळी अडचण मुलाच्या बाजूने बघायची आणि शाळा त्याप्रमाणे वाकवायची.

हे वाचल्यापासून आपल्या परंदवडीच्या आजूबाजूला बघताना माझं लक्ष वेगळ्याच गोष्टींकडे जातं. सोमाटणे फाट्याच्या बाजूला नवीन बिल्डिंगा उठताहेत. साइटवर वाळूच्या ढिगावर खेळणारी तीन-चार वर्षांची पोरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. आई पाट्या वाहते, मोठी बहीण धाकट्याला सांभाळते. काम संपलं की बिऱ्हाड दुसऱ्या साइटवर. मावळातल्या कातकरी कुटुंबांनाही मजुरीसाठी अशीच भटकंती करावी लागते. गावात अंगणवाडी असते, पण गाव सोडून फिरणाऱ्या मुलाचं अंगण कुठलं धरायचं? आपल्याकडे सिव्हिलवाले साइट व्हिजिटला जातात तेव्हा काँक्रीटचा ग्रेड विचारतात. एकदा हेही विचारून बघावं, की पाळणाघर कुठे आहे? सगळ्यांना एकाच वेळी घाम फुटेल.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ला, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांपासून सुरू केली आणि तिच्या केंद्रांचं नाव अंगणवाडी पडलं. आज देशभरात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. एवढा विस्तार ताराबाईंनी स्वप्नातही पाहिला नसेल. पण माझं मत विचाराल तर नाव देशभर गेलं आणि अंगण मागे राहिलं. आता मुलानेच केंद्रापर्यंत यायचं. सेविकाताईंच्या मागे पोषण आहार, वजन-उंची, लसीकरण, रजिस्टरं आणि मोबाइलवरची माहिती भरणं. त्यातून गाणी-गोष्टींना वेळ उरला तर. तोही तुटपुंज्या मानधनात. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते सहा वर्षांचा काळ शालेय शिक्षणाच्या पायाभूत टप्प्यात धरला, ते चांगलंच झालं. पण तो टप्पा बऱ्याच अंशी याच ताईंच्या खांद्यावर आहे.

कोसबादचं काम मात्र ताराबाईंबरोबर थांबलं नाही. अनुताई टेकडीवरच राहिल्या आणि १९९२ साली जाईपर्यंत त्यांनी ते चालवलं. त्या आल्या तेव्हा ताराबाईंच्या हाताखालच्या शिक्षिका होत्या. शेवटी सगळ्या टेकडीच्या ताई झाल्या होत्या.