टाइप घासणारा मुलगा

बाप्तिस्म्याच्या जुन्या इंग्रजी दाखल्यावरचा मथळा आठवा. जाड, टोकदार, दाटीवाटीने उभी असलेली ती काळीभोर अक्षरे. गुटेनबर्गने सुमारे १४५५ साली लॅटिन पवित्र शास्त्र याच वळणाच्या अक्षरांत छापले. हस्तलिखिते करणाऱ्यांच्या रुंद टाकाचे वळण त्याने धातूत उतरविले होते. आपल्या बाळबोध अक्षराची जाडी-बारीकीही बोरूच्या तिरप्या टोकातून आली. आणि ती धातूत सुरेख उतरविणाऱ्यांत जावजी दादाजी चौधरी हे नाव फार मोठे आहे.

जावजींचा जन्म मुंबईत १८३९ साली गरीब घरात झाला. दहाव्या वर्षी ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात महिना दोन रुपयांवर लागले. हा छापखाना १८१७ पासून मराठी छापीत होता आणि टॉमस ग्रॅहम तेथे देवनागरी टाइप घडवीत. पोलादी सळईच्या टोकावर अक्षर उलटे कोरायचे, ते तांब्यावर ठोकायचे, तांब्यात उमटलेल्या खळग्यात शिशाचा रस ओतायचा. ओतून निघालेला टाइप खरबरीत असे. तो घासून साफ करणे हे या पोराचे काम. काम हलके वाटेल, पण कोठे जरा जास्त घासले की शिरोरेषेला खाच पडते. इंग्रजीत अक्षरे शेजारीशेजारी बसविली की झाले. आपल्याकडे मात्रा नि रफार वर, उकार खाली, आणि मधली रेघ अखंड दिसली पाहिजे!

पुढे मिशनने तो छापखाना सोडला. जावजींनी दुसऱ्यांच्या छापखान्यांत नोकऱ्या केल्या, आणि १८६४ साली स्वतःचा टाइप ओतण्याचा कारखाना काढला. राणोजी रावजी आरू या कसबी मित्राची त्यांना मोठी साथ होती. १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना उभा राहिला. मथळ्यांना ठसठशीत मोठा टाइप, मूळ श्लोकांना मध्यम, टीकेला बारीक. एकाच पानावर तिन्ही सुखाने नांदत. तेथून पंचांग निघाले, १८८६ पासून संस्कृत काव्यमाला निघाली.

आपल्यातील कोणी म्हणेल, मिशनने शिकविलेला हात पुराणे छापू लागला! मला हे गाऱ्हाणे पटत नाही. विद्या देताना ग्रॅहमसाहेबांनी पोराकडून कसला करार लिहून घेतला होता? अन् शुभवर्तमान छापणाऱ्यांनाही पुढे मुंबईचा सुबक टाइप मिळालाच की.

जावजी १८९२ साली वारले. चिरंजीव तुकाराम यांनी काम पुढे नेले.

संकेश्वरात शंकराचार्यांचा मठ आहे, संस्कृत जाणणारी घरे आहेत. कोणाकडे निर्णयसागरची जुनी पोथी निघालीच, तर पान उजेडाकडे जरा तिरपे धरून ओळीच्या माथ्यावरची रेघ पाहा.