पंडिता रमाबाई आणि कृपासदन



एकोणिसाव्या शतकात एखादी स्त्री वेश्याव्यवसायात गेली की समाज तिच्या चारित्र्याला नावे ठेवून मोकळा होत असे. ती तिथवर पोहोचली कशी, हे फारसे कोणी विचारीत नसे. पंडिता रमाबाईंनी ते विचारले आणि त्या उत्तराच्या मागे आपले आयुष्य वेचले.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले आणि लक्ष्मीबाईंनी ते मुलीला दिले. पुराणे सांगत हे कुटुंब गावोगाव फिरत असे. १८७४च्या सुमारास दुष्काळाने आई-वडिलांना आणि पाठोपाठ थोरल्या बहिणीला नेले. रमाबाई भावाबरोबर पायी देश फिरल्या. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. पुढे भाऊ वारला. १८८० साली बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला, पण १८८२च्या प्रारंभी तेही पटकीने गेले. पदरी मनोरमा ही तान्ही मुलगी होती आणि रमाबाईंचे वय होते अवघे तेवीस.

भूक, अनाथपण आणि वैधव्य या तिन्ही गोष्टी त्यांनी स्वतः भोगल्या होत्या. त्यांच्याजवळ विद्या होती, म्हणून त्या तरल्या. इतर विधवांजवळ काय होते?

त्या काळी आठ-दहा वर्षांच्या मुलीचे लग्न होई. नवरा वारला की तिचे केशवपन होत असे, ती अपशकुनी ठरे आणि घरातील कष्ट तिच्या वाट्याला येत. १८५६च्या कायद्याने पुनर्विवाहाला परवानगी दिली होती, पण समाजाने दिली नव्हती. शिक्षण नाही, हातात कला नाही, हक्काचा पैसा नाही. अशा मुलीला घरातल्याच कोणी फसविले तर घराबाहेर तीच पडे, तो पुरुष नव्हे. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले, ते अशाच स्त्रियांसाठी. सरकारचेही हात स्वच्छ नव्हते. सैनिकांना रोग होऊ नये म्हणून १८६८च्या कायद्याने वेश्यांची नोंदणी आणि सक्तीची तपासणी सुरू केली. १८८८ साली तो कायदा रद्द झाला. त्या स्त्रियांच्या पोटाची काळजी मात्र कोणत्याच कायद्याने घेतली नाही.

१८८३ साली रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील अँग्लिकन धर्मभगिनींकडे राहिल्या. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांचा बाप्तिस्मा झाला. इंग्लंडच्या या मुक्कामात त्यांनी लंडनमध्ये अशा स्त्रियांसाठी चालविलेले आश्रयस्थान पाहिले. एकेकाळी धिक्कारलेल्या काही स्त्रिया तेथे आजाऱ्यांची सेवा करीत होत्या. हे कोठून येते, असे रमाबाईंनी विचारले, तेव्हा एका भगिनीने त्यांना शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. ज्या स्त्रीला गाव टाळत होते तिच्याकडे प्रभू येशूने पाणी मागितले, ही गोष्ट त्यांच्या मनात कायमची रुतली.

११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदासदन काढले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. धर्मांतराच्या वादावरून १८९३ साली अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. तरी त्या थांबल्या नाहीत. १८९५ साली भिकारणीच्या वेषात त्या मथुरा-वृंदावनला गेल्या. पुण्याच्या आशेने आणलेल्या तरुण विधवा पैसा संपताच कोणाच्या हाती पडतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. उपाशी मुली नेण्यासाठी दलाल टपलेले होते. सुमारे तीनशे मुली-स्त्रियांना रमाबाईंनी आपल्याकडे आणले.

पुण्याजवळ केडगाव येथे मुक्तिसदन उभे राहिले. १८९९ साली त्याच आवारात कृपासदन सुरू झाले, ज्यांना पतित म्हटले जाई अशा स्त्रियांसाठी. मुक्तीच्या आवारात केवळ प्रार्थना आणि उपदेश नव्हता. शेती, विणकाम, स्वयंपाक, छापखाना अशी कामे स्त्रियांना शिकविली जात. स्वतःच्या हाताने भाकर मिळविणारी स्त्री सहसा विकली जात नाही, हे रमाबाईंनी ओळखले होते. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूघरी गेल्या.

रमाबाई कॅथॉलिक नव्हत्या, पण त्यांचा प्रश्न आपल्यालाही चुकत नाही. आपल्या भागातून आजही दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन कुटुंबे ऊसतोडीला जातात. मागे राहणाऱ्या मुलीची काळजी वाटते म्हणून तिची शाळा सुटते आणि तिचे लग्न लवकर उरकले जाते. त्यात वाईट हेतू कोणाचाच नसतो. तरीही नवऱ्याने टाकलेली, न शिकलेली, लहानगे मूल कडेवर असलेली मुलगी माहेरच्या दाराशी येते, तेव्हा तिच्यापुढे जवळजवळ त्याच वाटा उरतात ज्या रमाबाईंनी पाहिल्या होत्या.

अशी एखादी मुलगी आपल्या गल्लीत असेल. तिच्याविषयी बोलण्यापूर्वी तिच्या घरी जाऊन यावे. ती जेवली का, तिला शिवणकाम शिकायचे आहे का, तिच्या मुलाला शाळेत घातले का, हे विचारावे. आपल्या प्रभूनेही विहिरीवर दोष देण्याआधी संभाषण सुरू केले होते.