जेम्स मॅकबेन: साबणाचं कोडं सोडवणारा माणूस, जो पुढे पुण्यात आला

पुण्यातली नॅशनल केमिकल लॅबोरेटरी, म्हणजे आपली एनसीएल, तुम्हाला माहीत असेलच. तिचे पहिले संचालक कॅनडाचे होते. नाव जेम्स विल्यम मॅकबेन. तुमची वॉटरप्रूफ सनस्क्रीन कशी टिकते, हे समजून घ्यायचं तर यांच्यापासूनच सुरुवात करावी लागते.

मॅकबेन यांचा जन्म १८८२ चा. जर्मनीत हायडेलबर्गला पीएचडी केली आणि इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला शिकवू लागले. तिथे त्यांनी साबणाचं पाणी तपासायला घेतलं आणि एक गोंधळ समोर आला. त्या पाण्यातून वीज चांगली वाहायची, म्हणजे आयन भरपूर असणार. पण सुटे कण मोजले तर फारच कमी! दोन्ही रीडिंग बरोबर, तरी मेळ बसेना.

१९१३ मध्ये त्यांनी उत्तर मांडलं: साबणाचे आयन सुटे राहत नाहीत, गठ्ठे करतात. यालाच आज मायसेल म्हणतात. पण सारखा चार्ज असलेले कण एकमेकांना ढकलतात ना, मग एकत्र कसे येतील? सुरुवातीला अनेकांना हे पटलंच नाही. मॅकबेन मात्र वर्षानुवर्षं मोजत राहिले.

खरं कारण असं, की साबणाच्या रेणूची शेपटी पाणी टाळते आणि डोकं पाण्याकडे राहतं. म्हणून शेपट्या आत लपतात. नॉन-आयॉनिक सर्फॅक्टंटच्या डोक्यावर तर चार्जच नसतो. ढकलाढकली कमी, त्यामुळे पाण्यात गठ्ठे आणखी सहज बनतात.

आता पाण्याऐवजी तेल घ्या. सगळं उलटं होतं: डोकी आत, शेपट्या बाहेर. मधल्या जागेत थोडं पाणीही मावतं. हे रिव्हर्स मायसेल जेमतेम काही नॅनोमीटरचे असतात. पाणी वाढवून घुसळलं, की बरेच मोठे थेंब बनतात आणि सर्फॅक्टंट त्यांच्याभोवती थर धरतो. हेच वॉटर-इन-ऑइल इमल्शन. सॉर्बिटन ओलिएटसारखा, तेलात जास्त विरघळणारा सर्फॅक्टंट वापरला तर तेल बाहेर राहतं. म्हणूनच अशी क्रीम पाण्याने सहज धुतली जात नाही.

मॅकबेन पुढे अमेरिकेत स्टॅनफर्डला गेले. पाण्याशिवायच्या द्रावकांत डिटर्जंट काय करतात, हेही त्यांनी तिथे तपासलं. मग, ज्या वयात लोक निवृत्त होतात त्या वयात, ते पुण्यात आले. जानेवारी १९५० मध्ये नेहरूंच्या हस्ते एनसीएलचं उद्घाटन झालं. १९५३ मध्ये मॅकबेन गेले.

दोन रीडिंग जुळत नव्हती, तेव्हा त्यांनी एकही फेकून दिलं नाही. मायसेल सापडले ते त्यामुळेच.