ताराबाई मोडक : शिक्षिका घडवणाऱ्या शिक्षिका



डी.एड. म्हटलं की आपल्याला काय आठवतं? पाठ टाचण, नमुना पाठ, रात्री जागून केलेले तक्ते आणि वर्गात मागे वही घेऊन बसलेले निरीक्षक! मीही त्यातूनच गेले. आमच्या सरावपाठांच्या शाळेतली मुलं इतकी सरावलेली होती की आमचा प्रश्न पूर्ण व्हायच्या आत उत्तर तयार असायचं. आपल्याला शिकवता येतं, असं वाटायला लागलं होतं.

मग पहिली नेमणूक झाली ती एका पाड्यावरच्या शाळेत. पहिलीची मुलं घरी वेगळीच बोली बोलणारी. माझं टाचण दहा मिनिटांत संपलं आणि मुलं नुसती माझ्याकडे बघत राहिली. प्रशिक्षणात नेमकं काय राहून गेलं, हा प्रश्न तेव्हापासून मनात आहे. त्याचं उत्तर मला एका व्यक्तीच्या आयुष्यात सापडलं. त्या म्हणजे ताराबाई मोडक.

शिक्षण आणि सुरुवात

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिवराव केळकर आणि आई उमाबाई. घरात प्रार्थना समाजाचे सुधारकी विचार होते. मुलींना चार बुकं शिकवणंही लोकांना जड जायचं, त्या काळात १९१४ साली ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या बी.ए. झाल्या. अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला, पण तो संसार टिकला नाही. १९२१ मध्ये त्या वेगळ्या झाल्या. लहान मुलगी पदरात होती. शंभर वर्षांपूर्वी असा निर्णय घेणं किती कठीण असेल, याची आपण फक्त कल्पना करू शकतो.

यानंतर त्या राजकोटला गेल्या. तिथल्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या त्या प्राचार्या झाल्या. म्हणजे शिक्षिका तयार करणाऱ्या संस्थेची सूत्रंच त्यांच्या हाती आली. पद मोठं होतं, मान होता. आपल्यापैकी कुणीही तिथेच निवृत्तीपर्यंत राहिलं असतं!

भावनगरचे दिवस

भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केलं होतं. गिजुभाई मूळचे वकील. माँटेसरीबाईंचे विचार वाचून त्यांनी वकिली सोडली आणि ते लहान मुलांमध्ये रमले. हे काम ताराबाईंना ओढून घेऊन गेलं. प्राचार्यपद सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला आल्या आणि तीन-चार वर्षांच्या मुलांसोबत जमिनीवर बसू लागल्या.

माझ्या मते त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा धडा इथेच आहे. शिक्षकांना शिकवणारी व्यक्ती पुन्हा मुलांकडे शिकायला गेली. बालमंदिराच्या जोडीला तिथे अध्यापन मंदिर होतं. शिकाऊ शिक्षकाला रोज मुलं दिसायची. मूल काय उचलतं, कशात रमतं, कधी कंटाळतं, हे आधी बघायचं आणि मग शिकवण्याचं बोलायचं.

१९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. या संघाची शिक्षण पत्रिका आधी गुजरातीत निघत होती. पुढे १९३३ पासून ताराबाईंनी ती मराठीत चालवली. ज्यांना प्रशिक्षणाला जाता येत नव्हतं, अशा शिक्षक-पालकांपर्यंत ती घरबसल्या पोहोचत असे. १९३६ मध्ये मुंबईत दादरला शिशुविहार सुरू झालं. तिथेही बालमंदिर आणि शिक्षकांचं प्रशिक्षण हातात हात घालून चाललं.

बोर्डी : शाळा अंगणात आली

पण ताराबाईंच्या मनात एक टोचणी होती. हे सगळं शिक्षण शहरातल्या, खाऊन-पिऊन सुखी घरांतल्या मुलांना मिळत होतं. माँटेसरीची साधनं महाग. मग खेड्यातल्या मुलांचं काय?

१९४५ साली, वयाच्या ५३ व्या वर्षी, त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावात ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. त्यांच्या सोबतीला आल्या अनुताई वाघ. बालपणीच वैधव्य आलेल्या अनुताई स्वतः अनुभवी शिक्षिका होत्या, तरी इथे त्यांनी नव्याने शिकायला सुरुवात केली.

गरीब वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात. म्हणून बालवाडीच त्यांच्या वस्तीत, घरासमोरच्या अंगणात भरू लागली. हीच अंगणवाडी! मुलांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, मग गाणी-गोष्टी-खेळ. महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, खडे, बिया, पानं-फुलं आली. मोजायला, रंग ओळखायला, लहान-मोठं लावायला आणखी काय लागतं?

१९५७ मध्ये हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींमध्ये गेलं. तेव्हा ताराबाई ६५ वर्षांच्या होत्या. मुलं गुरं राखायला जातात, मग कुरणातच शाळा भरवली. तिला नाव मिळालं कुरणशाळा. मोठी बहीण धाकट्या भावंडाला सांभाळत घरी राहते, मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून विकासवाडी केली. बाळ पाळणाघरात, ताई वर्गात.

अशा ठिकाणी तयार होणाऱ्या शिक्षिकेला टाचण लिहिण्याआधी वस्ती माहीत असावी लागे. मूल आज का आलं नाही, हे विचारायला तिला त्याच्या घरी जावं लागे. माझ्या प्रशिक्षणात राहून गेलं होतं ते नेमकं हेच.

नंतर काय झालं?

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचं निधन झालं. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९७५ मध्ये, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. कोसबाडचं काम अनुताईंनी पुढे नेलं.

आज गावोगावी अंगणवाडी आहे. पण त्या ताईंच्या हातात रजिस्टर किती आणि मुलं किती वेळ, हा प्रश्न आपण विचारायला हवा. आपल्या स्वतःच्या प्रशिक्षणांचंही तेच. सभागृहात बसून स्लाइड बघितल्या, हजेरी लावली आणि घरी आलो. त्यात मूल कुठे होतं?

त्या पाड्यावर मी शेवटी तक्ते बाजूला ठेवले. मुलांनाच चिंचोके गोळा करून आणायला सांगितलं आणि त्यांचे शब्द त्यांच्याकडून शिकले. महिनाभराने वर्ग बोलू लागला. यात माझं मोठेपण काही नाही. ही वाट ताराबाईंनी आधीच करून ठेवलेली होती.

पालकहो, या आठवड्यात एकदा तुमच्या जवळच्या अंगणवाडीत जाऊन या. आणि शिक्षक मित्रांनो, पुढच्या प्रशिक्षणात एखादा दिवस प्रत्यक्ष मुलांसोबत ठेवा, अशी मागणी आपण सगळ्यांनी मिळून नक्की करूया.