काड्या जगवणारा लेखक

निफाडजवळच्या मामांच्या द्राक्षबागेवर मी एकदा लेख लिहिला होता. छाटणीची सगळी माहिती पुस्तकांतून गोळा केलेली. मामांनी लेख शांतपणे वाचला, मला बागेत नेले आणि हातात कात्री दिली. कोणती काडी ठेवायची आणि कोणती कापायची, हे मला सांगता येईना. जेम्स बझ्बीविषयी मला जी आपुलकी वाटते, तिचे मूळ या फजितीत आहे.

एडिंबरोचा हा तरुण १८२४ मध्ये आईवडिलांबरोबर सिडनीला आला. वडील अभियंते, सिडनी शहराला पाणी देणारा बोगदा पुढे त्यांच्याच देखरेखीखाली झाला. मुलाच्या डोक्यात मात्र द्राक्षे! निघण्यापूर्वी फ्रान्समधील द्राक्षमळ्यांत त्याने थोडाफार अभ्यास केला होता. तेवढ्या शिदोरीवर दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १८२५ मध्ये, त्याने द्राक्षशेती आणि वाइन या विषयावर जाडजूड ग्रंथ छापला. त्यातला बराच मजकूर शाप्तालसारख्या फ्रेंच लेखकांचा, इंग्रजीत आणलेला. रमच्या आहारी गेलेल्या वसाहतीला हलकी वाइन बरी, आणि धान्य पिकत नाही अशा जमिनीतही वेल येतो, हे त्याचे म्हणणे पटण्यासारखे होते. पण कुदळ मारणाऱ्या साध्या शेतकऱ्याला त्या ग्रंथाचा काय उपयोग?

सिडनीजवळच्या एका अनाथ मुलांच्या शाळेत त्याने द्राक्षलागवड शिकवली. पुढे ते काम सुटले आणि मोबदल्यावरून वाद झाला. लेखणीवर पोट भरणे शक्यच नव्हते. सरकारी महसूल खात्यात त्याने काही काळ काम केले. याच धकाधकीत १८३० मध्ये त्याचे दुसरे पुस्तक आले. लहानसे आणि सरळ भाषेतले. लागवड, छाटणी, घरच्या घरी वाइन. थोड्या जमिनीच्या माणसाला हवे तेवढेच. पहिल्या ग्रंथात आपण कोणासाठी लिहितो हेच विसरलो, हे लेखकाला उमगणे सोपे नसते. माझ्या मते बझ्बी खरा लेखक झाला तो इथे.

१८३१ मध्ये तो युरोपला गेला आणि त्या वर्षाच्या अखेरीस स्पेन व फ्रान्समधले मळे पायाखाली घातले. हेरेसपासून शँपेनपर्यंत. माती कशी, दोन वेलींत अंतर किती, मजुरी काय, हे तो खोदून खोदून विचारी आणि रोजनिशीत टिपून ठेवी. १८३३ मध्ये ती पुस्तकरूपाने निघाली. वाटेत त्याने वेलींच्या काड्याही जमवल्या. एकट्या मोंपेलियेच्या वनस्पती उद्यानातून चारशेहून अधिक जातींच्या! या साऱ्या त्याने न्यू साउथ वेल्ससाठी देऊन टाकल्या.

मामांना हे सांगितले, तेव्हा त्यांनी पुस्तकांबद्दल काही विचारले नाही. एवढ्या लांबच्या समुद्रप्रवासात किती काड्या जगल्या, हाच त्यांचा प्रश्न. सिडनीच्या वनस्पती उद्यानात ३६२ जाती जगल्या, म्हटल्यावर त्यांनी समाधानाने मान हलवली.

इथे नशिबाची गंमत पाहा. १८३२ मध्ये त्याची न्यूझीलंडमध्ये ब्रिटिश रेसिडेंट म्हणून नेमणूक झाली. पगाराची नोकरी एकदाची मिळाली, पण हाताशी ना शिपाई ना पोलीस. १८३४ मध्ये तर त्याच्या घरावरच हल्ला झाला. १८४० च्या वायटांगी कराराच्या मसुद्यात त्याचा हात होता आणि इतिहासात नाव राहिले ते त्यामुळे. वायटांगीलाही त्याने वेल लावले. फ्रेंच दर्यावर्दी द्युर्व्हील याने १८४० मध्ये तिथली वाइन चाखून वाखाणली, म्हणजे फ्रेंच माणसाकडून पावती! १८४५ च्या लढाईत त्या बागेची वाताहत झाली. पुढची अनेक वर्षे बझ्बी जमिनीच्या दाव्यांपायी सरकारशी भांडत राहिला. द्राक्षांवर पुन्हा पुस्तक लिहिले नाही.

सिडनीच्या उद्यानातल्या वेलींचीही पुढे हेळसांड झाली. पण त्याच जातींचा दुसरा संच हंटर खोऱ्यात, किर्कटन नावाच्या बझ्बीच्या जमिनीवर लावलेला होता. तो सांभाळला त्याच्या बहिणीच्या यजमानांनी, विल्यम केलमन यांनी. तिथल्या काड्या शेजारच्या मळ्यांत गेल्या, तिथून आणखी पुढे. १८६० नंतर फिलॉक्सेरा या किडीने फ्रान्समधले मळे उजाड केले. हंटर खोऱ्यात ती पोहोचलीच नाही. बझ्बी १८७१ मध्ये इंग्लंडला गेला होता तो डोळ्यांच्या उपचारासाठी. तिथेच तो वारला.