नदीकाठचा धीरगंभीर गुरू

सतराव्या शतकातील इंग्लंड यादवीत होरपळत होते. १६४९ मध्ये तर प्रत्यक्ष राजाचाच शिरच्छेद झाला. त्या धामधुमीत लंडनच्या एका निवृत्त व्यापाऱ्याने नदीकाठी गळ टाकून शांत बसण्याच्या कलेवर ग्रंथ लिहिला आणि तो अजरामर झाला. त्या व्यापाऱ्याचे नाव आयझॅक वॉल्टन.

वॉल्टन यांचा जन्म १५९३ मध्ये स्टॅफर्ड येथे झाला. तरुणपणीच ते लंडनला आले आणि फ्लीट स्ट्रीटच्या परिसरात व्यापारात स्थिरावले. धंद्याला बरकत होती. संसारात मात्र दैवाने त्यांची कठोर परीक्षा पाहिली. पहिली पत्नी रेचल हिच्यापासून झालेली सातही मुले बालपणीच दगावली. १६४० मध्ये रेचलही गेली. पुढे त्यांनी अ‍ॅन केन हिच्याशी विवाह केला. तिचेही १६६२ मध्ये निधन झाले.

वॉल्टन राजनिष्ठ होते. १६५१ मध्ये वूस्टरच्या लढाईत राजपक्षाचा पराभव झाल्यावर दुसऱ्या चार्ल्सचे एक रत्नजडित पदक लंडनला पोहोचविण्याची जोखीम त्यांनी पत्करली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १६५३ मध्ये, ‘द कम्प्लीट अँगलर’ प्रसिद्ध झाला. संवादरूपाने रंगलेल्या या ग्रंथात मासेमारीचे तपशील बारकाईने आले आहेत. आमिषाचे दोन प्रकार वॉल्टन सांगतात. एक, पाण्यात एकाच जागी स्थिर ठेवलेले आणि दुसरे, सतत हलते.

सॅल्मनला ते गोड्या पाण्यातील माशांचा राजा मानतात. हा मासा एका ठिकाणी फार काळ थांबत नाही, नदीच्या उगमाकडे सरकत राहतो आणि खोल, रुंद पात्रात तळालगत आढळतो, हे त्यांनी नोंदवले आहे. त्याच्यासाठी मोठी गांडुळे शेवाळात आठवडाभर किंवा त्याहूनही अधिक काळ ठेवून वापरावीत, असा त्यांचा सल्ला आहे. काही मंडळी सॅल्मनसाठी काठीला दोरी गुंडाळण्याचे चाक लावतात, असेही ते सांगतात. सॅल्मनच्या पिलांच्या शेपटीला फीत बांधून सोडल्यावर सुमारे सहा महिन्यांनी ती समुद्रातून त्याच जागी परतल्याचे आढळले, ही माहितीही ग्रंथात आहे. मासा जन्मस्थानी परततो, हे आधुनिक विज्ञानानेही सिद्ध केले आहे.

वॉल्टन यांनी आपल्या हयातीत ग्रंथाच्या पाच आवृत्त्या पाहिल्या. १६७६ च्या आवृत्तीत त्यांचे तरुण मित्र चार्ल्स कॉटन यांनी कृत्रिम माशीने मासेमारी करण्याविषयीचा भाग जोडला. जॉन डन, जॉर्ज हर्बर्ट आदींची वॉल्टन यांनी लिहिलेली चरित्रेही इंग्रजी साहित्यात मानाचे स्थान मिळवून आहेत.

१५ डिसेंबर १६८३ रोजी, वयाच्या नव्वदीत, विंचेस्टर येथे त्यांचे निधन झाले. तेथील कॅथेड्रलमध्ये त्यांची समाधी आहे. ज्या थेम्समधील सॅल्मनचा त्यांनी गौरव केला, ती नदी पुढे प्रदूषण आणि बंधाऱ्यांमुळे या माशाला पारखी झाली. १९७४ मध्ये तिच्या मुखाजवळ पुन्हा एक सॅल्मन सापडला, तेव्हा त्याची मोठी बातमी झाली.

सात मुलांना आणि दोन पत्नींना निरोप दिलेल्या, राज्य उलथताना पाहिलेल्या या माणसाने जगाला कडवटपणा दिला नाही. काठावर धीराने बसणे हा त्यांच्यासाठी वेळ घालविण्याचा उद्योग नव्हता. तो दुःख पचविण्याचा मार्ग होता.